ग्रँड आर्मी प्लाझा, ब्रुकलिन: कमान देखणी, पण अंगणातून हमरस्ता

न्यूयॉर्कमध्ये ग्रँड आर्मी प्लाझा नावाचे दोन चौक आहेत आणि पाहुण्यांची पहिली चूक तिथेच होते. एक मॅनहॅटनमध्ये, सेंट्रल पार्कच्या आग्नेय कोपऱ्यावर. तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या जनरल शर्मनचा सोनेरी अश्वारूढ पुतळा आहे. दुसरा ब्रुकलिनमध्ये, प्रॉस्पेक्ट पार्कच्या उत्तर टोकाला. हे परीक्षण दुसऱ्याचे. टॅक्सीत बसताना किंवा फोनवर पत्ता टाकताना ‘ब्रुकलिन’ हा शब्द आधी म्हणा, नाहीतर नदीच्या पलीकडे उतराल. गंमत अशी की ज्या शर्मनचा पुतळा मॅनहॅटनच्या चौकात बसला, त्याच शर्मनने ३० ऑक्टोबर १८८९ रोजी ब्रुकलिनच्या कमानीची कोनशिला बसवली होती.

निकाल आधीच सांगतो. स्मारक म्हणून हा चौक पहिल्या दर्जाचा आहे. बागेचे प्रवेशद्वार म्हणून मात्र तो निम्माच पास होतो, आणि तो निम्माही गेल्या पंधरा वर्षांत मिळवलेला आहे. वाड्याला देवडी असावी, देवडीपुढे अंगण असावे, आणि त्या अंगणातूनच गावचा हमरस्ता जावा, तशी इथली रचना आहे. हे कसे घडले ते कळल्याशिवाय इथे काय बघायचे आणि कुठून ओलांडायचे हेही नीट कळत नाही. म्हणून इतिहास आणि वापर दोन्ही एकत्रच.

मूळ भानगड फ्लॅटबुश अव्हेन्यूची. हा रस्ता उद्यानापेक्षा जुना. एग्बर्ट व्हीली या इंजिनिअरने १८६१मध्ये उद्यानाचा पहिला आराखडा केला, तेव्हा हा रस्ता बरोबर बागेच्या मधून जात होता: एक तुकडा पूर्वेला, एक पश्चिमेला. मग यादवी युद्ध सुरू झाले आणि काम थांबले. युद्ध संपत आले असताना उद्यान मंडळाचे अध्यक्ष जेम्स स्ट्रॅनहॅन यांनी वास्तुकार कॅल्व्हर्ट वॉक्सला जागा दाखवली. वॉक्सने १८६५च्या सुरुवातीला जो तोडगा सुचवला तो आजही पायाखाली आहे. पूर्वेचा तुकडा सोडून द्या, दक्षिणेला आणि पश्चिमेला जमीन घ्या, आणि उत्तरेच्या टोकाला, जिथे रस्ते एकत्र येतात तिथे, एक मोठा लंबवर्तुळाकार चौक करा. उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड नंतर त्याच्याबरोबर आला. सोडून दिलेल्या पूर्वेच्या जमिनीवरच पुढे ब्रुकलिन म्युझियम, वनस्पती उद्यान आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. आज चौकात उभे राहून पूर्वेकडे पाहिले की दिसते ते सगळे मूळच्या बागेचे कापून टाकलेले अंग आहे.

म्हणजे चौकाचे काम दुहेरी होते. बागेला दार द्यायचे, आणि त्याच वेळी रस्त्यांची गाठ सांभाळायची. घोडागाड्यांच्या काळात दोन्ही जमले. त्या वेळी त्याला नुसते ‘द प्लाझा’ किंवा प्रॉस्पेक्ट पार्क प्लाझा म्हणत.

या रचनेतली सगळ्यात हुशार गोष्ट पाहुण्यांच्या फोटोत कधीच येत नाही. चौकाच्या पूर्व आणि पश्चिम अंगाला मातीचे, झाडांनी झाकलेले लांबट वरंबे आहेत. त्यांच्या आत मुख्य चौक, बाहेर प्लाझा स्ट्रीट ईस्ट आणि प्लाझा स्ट्रीट वेस्ट हे वळणदार रस्ते, आणि त्यांच्या पलीकडे घरे. वरंब्यांमुळे घरांना चौकाचा गोंगाट कमी पोचतो, चौकाला घरांच्या भिंती कमी दिसतात, आणि बाग जणू दाराबाहेर हात पसरून उभी असल्यासारखी वाटते. कमानीला दहापैकी आठ गुण दिले तर या वरंब्यांना नऊ द्यावे लागतील. तिथे बाकांवर बसून पाहा. पंधरा-वीस पावलांत मोटारींचा आवाज जो उतरतो त्यावरून रचनेचा हेतू कळतो.

मधल्या भागाचे मात्र सुरुवातीपासून हाल होते. १८६७मध्ये तिथे होते एका धारेचे साधे कारंजे. दोन वर्षांनी, १८६९मध्ये, हेन्री कर्क ब्राउनने घडवलेला अब्राहम लिंकनचा पुतळा बसला. बाकी सगळी दगडी फरसबंदी. एवढ्या विस्तीर्ण दगडी पटांगणात सावली नाही, बसायला जागा नाही. उन्हाळ्यात तापायचे, हिवाळ्यात वारा सुटायचा. लोक ते ओलांडून बागेत जात, थांबत नसत. कागदावर भव्य दिसणारी मोकळी जागा जमिनीवर ओसाड का वाटते, याचा हा नमुना: रुंदी खूप, आणि त्या रुंदीला धरून ठेवणारे उभे काहीच नाही. पुढची दीडशे वर्षे जे जे इथे आणून ठेवले गेले ते या एकाच उणिवेवरचे उपाय आहेत, आणि बरेचसे उपाय मधोमध ठेवल्यामुळे ओलांडण्याची अडचण वाढवत गेले.

कारंज्याचाच हिशेब पाहा. १८६७ची एक धार पुरेना म्हणून १८७०च्या दशकात वॉक्सने नवे कारंजे केले. बिडाचे, दुहेरी घुमटाचे, आतून गॅसच्या दिव्यांनी उजळणारे. पाणी घुमटावरून ओघळायचे आणि रात्री रंगीत काचांतून प्रकाश यायचा. १८९७मध्ये ते जाऊन फ्रेडरिक डार्लिंग्टनचे विजेचे कारंजे आले. वीज तेव्हा नवलाईची होती, रंगीत दिव्यांत नाचणारे पाणी बघायला प्रचंड गर्दी व्हायची. हेही टिकले नाही, पण कारण वेगळे: भुयारी रेल्वे. बोगदा चौकाखालून न्यायचा म्हणून १९१५मध्ये कारंजे काढले. ग्रँड आर्मी प्लाझा स्टेशन १० ऑक्टोबर १९२० रोजी सुरू झाले, पण वरची जागा पुढे बरीच वर्षे कारंज्याविना राहिली. आज दिसते ते चौथे, बेली फाउंटन, १९३२चे. शिल्पकार यूजीन सॅव्हेज, वास्तुकार एगर्टन स्वॉर्टवाउट, आणि पैसा दिला फ्रँक बेली या धनिकाने, पत्नीच्या स्मरणार्थ.

बेली फाउंटनबद्दल आमचे मत कडक आहे. ब्राँझच्या आकृत्या उत्तम. जहाजाच्या नाळेवर उभे स्त्री-पुरुष, त्यांची नावे ज्ञान आणि सुख. भोवती नेपच्यून आणि त्याचे शंख फुंकणारे सेवक. नेपच्यूनचा चेहरा जवळून पाहण्यासारखा आहे, चिडलेल्या म्हाताऱ्यासारखा. पण कारंजे कमानीच्या उत्तरेला, म्हणजे बागेच्या उलट बाजूला आहे. बागेतून येणारा माणूस कमान पाहून परत फिरतो. सबवेतून येणाऱ्याला ते आधी लागते, पण तो घाईत असतो. थंडीच्या महिन्यांत पाणी बंद असते आणि मग ते नुसते काळे-हिरवे गाठोडे दिसते. फक्त कारंज्यासाठी जायचे तर उन्हाळ्यातच जा. त्याच्याही उत्तरेला जॉन केनेडी यांचे छोटे स्मारक आहे. अर्धपुतळा नील एस्टर्नचा, मूळ अनावरण १९६५चे, दुरुस्तीनंतर २०१०मध्ये नव्या चौथऱ्यावर पुन्हा बसवलेला. दोन मिनिटे पुरेत.

आता कमान. सैनिक आणि खलाशी यांची स्मारक कमान, वास्तुकार जॉन डंकन. यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती ग्रँट, त्याची समाधी बांधणारा तोच. अनावरण २१ ऑक्टोबर १८९२. उंची ८० फूट, रुंदीही ८० फूट, बाहेरून ग्रॅनाइटची. बांधून झाली तेव्हा ती जवळपास उघडी होती. आज जे पाहायला लोक येतात ते ब्राँझ सगळे नंतर चढले: आतल्या भिंतींवरची उठावशिल्पे १८९५मध्ये, माथ्यावरचा रथ १८९८मध्ये, दोन्ही पायांपुढचे सेना आणि नौदलाचे समूह १९०१मध्ये. हा क्रम लक्षात ठेवला तर कमान वाचता येते. डंकनचा दगड शांत आणि सपाट आहे. शिल्पकार फ्रेडरिक मॅकमॉनीसचे ब्राँझ त्यावर उसळते. दोघांची जात वेगळी आहे, आणि ते खटकत नाही, कारण दगडाने ब्राँझला पार्श्वभूमी दिली आहे.

पाहण्याची रीत अशी. बागेच्या फाटकाच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून सुरुवात करा. समूह आणि रथ दोन्हींची तोंडे याच बाजूला आहेत. दक्षिणमुखी असल्याने इथे दिवसभर ऊन मिळते. फोटोसाठी भर उन्हाळ्यातली दुपार टाळा. सूर्य डोक्यावर असताना आकृत्यांच्या कपाळाची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहरे काळे येतात. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, आणि हिवाळ्यात तर केव्हाही, प्रकाश तिरका असतो आणि खोली नीट उठते. अगदी पायथ्याशी उभे राहिलात तर माथ्यावरचा रथ कठड्याआड जातो. फाटकाजवळच्या खांबांपर्यंत मागे सरका, मग कोलंबिया, म्हणजे अमेरिकेचे स्त्रीरूप, पूर्ण दिसते: रथात उभी, हातात ध्वज, दोन्ही बाजूंना तुताऱ्या फुंकणाऱ्या पंखवाल्या विजयदेवता. छोटी दुर्बीण असेल तर न्याच.

मग समूहांजवळ या. नौदलाच्या समूहात एक आफ्रिकन-अमेरिकन खलाशी आहे, तो शोधा. त्या काळच्या यादवी युद्धाच्या स्मारकांत अशी आकृती सहज सापडत नाही, आणि पुढची गर्दी बघून लोक तिला चुकतात.

कमानीच्या पोटात दोन्ही भिंतींवर समोरासमोर लिंकन आणि ग्रँट, दोघेही घोड्यावर. माणसे विल्यम ओ’डोनोव्हनची आणि घोडे थॉमस एकिन्सचे. एकिन्स चित्रकार म्हणून प्रसिद्ध. शरीररचनेचा इतका आग्रही की त्याने खऱ्या, निवडलेल्या घोड्यांवरून अभ्यास केला. लिंकनच्या घोड्यासाठी एकिन्सचा स्वतःचा घोडा बिली होता. परिणाम विचित्र आहे: घोडे जिवंत आणि स्वार ताठर. ही शिल्पे लावली तेव्हाही टीका झाली, आणि ती सगळीच अन्यायाची नव्हती. तरी या दोन घोड्यांचे पाय आणि मानेचे स्नायू पाहायला थांबाच. कमानीवरचा सगळ्यात प्रामाणिक अभ्यास तोच आहे. आत सावली असल्यामुळे डोळे सरावायला मिनिटभर लागते.

कमानीच्या पायांत जिने आहेत आणि वर खोली आहे. एके काळी तिथे प्रदर्शने भरत, काही वर्षे कळसूत्री बाहुल्यांचे ग्रंथालयही होते. एरवी दार बंद असते. वर जाता येते असे समजून कुणाला घेऊन जाऊ नका.

कमान आल्यावर चौकातला लिंकन अडचणीचा झाला. १८९५मध्ये त्याला उचलून बागेच्या आत, तळ्याकाठच्या कॉन्सर्ट ग्रोव्हमध्ये नेले. ज्या युद्धाची ही कमान, त्या युद्धातल्या राष्ट्राध्यक्षाचा चौकातला पहिला पुतळा त्याच कमानीच्या काळात बाहेर गेला आणि घोड्यावरचा लिंकन भिंतीवर आला, ही अदलाबदल आम्हाला तरी पटलेली नाही. उभा लिंकन बघायचा तर इथून बागेत बरेच आत, मैलभराच्या आसपास चालावे लागते.

फाटकाचे श्रेय वास्तुकार स्टॅनफर्ड व्हाइटचे. त्याने बागेच्या तोंडाशी सुमारे ५० फूट उंचीचे चार डॉरिक खांब उभे केले. त्यांच्या माथ्यावर मॅकमॉनीसचे गरुड. दोन्ही बाजूंना बारा कोनी मंडप. ऑल्मस्टेड आणि वॉक्सच्या मनातली बाग गावाकडच्या कुरणासारखी होती. व्हाइटचे खांब म्हणजे रोमचे दार. दोन्ही विचार एकाच ठिकाणी आदळतात. पण उपयोगाच्या दृष्टीने पाहिले तर व्हाइटने चौकाची मोठी उणीव भरून काढली. मोकळ्या रुंदीला त्याने कडा दिली आणि ‘इथून आत’ हे दुरून कळू लागले. पाऊस आला तर मंडपात उभे राहता येते, हेही कमी नाही. आत शिरल्या शिरल्या स्ट्रॅनहॅनचा पुतळा आहे, १८९१चा, त्याच्या हयातीतच उभारलेला. हाही मॅकमॉनीसचा, आणि रथ-समूहांपेक्षा शांत. साध्या कोटातला, हॅट हातात घेतलेला माणूस. ज्याने चौक करवून घेतला त्याच्याकडे लोक पाठ करून कमानीचा फोटो काढतात.

बाकीचे पुतळे भोवतालच्या वरंब्यांवर आणि कोपऱ्यांवर विखुरलेले आहेत. जनरल वॉरनचा १८९६चा पुतळा पश्चिमेला. गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप ही टेकडी वेळीच ओळखणारा तो अधिकारी, आणि त्याच्या चौथऱ्याचा दगडही त्याच टेकडीवरचा. जनरल स्लोकमचा पुतळा मुळात दुसरीकडे होता, नंतर इथे आला. सगळे शोधत बसण्यात अर्धा तास जातो आणि रस्ते मात्र चार वेळा ओलांडावे लागतात. वॉरन पाहा, बाकीचे सोडले तरी चालेल.

मोटारी आल्या आणि खरे दुखणे सुरू झाले. घोडागाडी वळताना वेग कमी करते. मोटारवाल्याला लंबवर्तुळ म्हणजे वेग न तोडता वळायची सोय वाटते. फ्लॅटबुश अव्हेन्यू, ईस्टर्न पार्कवे, व्हँडरबिल्ट अव्हेन्यू, युनियन स्ट्रीट, प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट: सगळ्यांची तोंडे इथे. एका रस्त्याने आलेला दुसऱ्याने बाहेर पडायला मार्गिका बदलतो, दुसरा त्याला छेदत जातो. १९२७मध्ये चौकात एक फलकच उभारला होता, ‘डेथ-ओ-मीटर’ नावाचा. ब्रुकलिनमध्ये मोटार अपघातांत किती मेले, किती जखमी झाले याचे आकडे त्यावर बदलत असत, आणि वर गाडी हळू चालवण्याची ताकीद. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२६मध्ये, चौकाला आजचे नाव मिळाले होते. ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या साठाव्या वर्षानिमित्त. माजी सैनिकांच्या नावाचा चौक आणि त्यातच अपघाती मृत्यूंचा फलक. मोटारींच्या मांडणीला तेव्हा हात लावला गेला नाही, आकडे मात्र रंगवले गेले.

मग कमान आणि कारंजे यांचे एक मोठे वाहतूक बेट झाले. दिसायचे सगळ्यांना, पोचायचे कुणीच नाही. शहराची तिजोरी रिकामी होती त्या सत्तरच्या दशकात तर देखभालही संपली. १९७६मध्ये माथ्यावरची कोलंबिया आपल्या रथातून कलंडली. अशा जुन्या ब्राँझ मूर्तींचे दुखणे बहुधा आत असते: बाहेर ब्राँझ, आत लोखंडी आधार आणि खिळ्या. सांध्यातून पाणी झिरपते, दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की लोखंड आधी गंजते, फुगते, आणि बाहेरून काहीच न दिसता आधार सुटतो. रथ १९८०मध्ये दुरुस्त झाला. त्याआधी १९७३मध्ये कमानीला आणि १९७५मध्ये संपूर्ण चौकाला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला होता. म्हणजे कमानीला दर्जा मिळाल्यावर तीनच वर्षांत मूर्ती पडली. कागदी संरक्षण छत गळण्याचे थांबवत नाही.

छताचेच पुढेही झाले. कमानीच्या माथ्यावर पाणी साचून आत झिरपत होते, सांध्यांत झाडेझुडपे उगवली होती. २०२३मध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुरुस्तीत नवे छत, आतल्या विटा आणि दगडांची डागडुजी, लोखंडी जिन्यांची दुरुस्ती, सफाई आणि नवी प्रकाशयोजना ही कामे घेतली गेली. तुमच्याकडे पाच-सात वर्षांपूर्वीचे फोटो असतील तर फरक ग्रॅनाइटच्या रंगात दिसेल; काळे ओघळ होते तिथे दगड उजळ झाला आहे. संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा पाहून घ्या.

चालणाऱ्यांसाठी खरा बदल २०१० आणि २०११मध्ये झाला. २००८मध्ये चौकाची नव्याने कल्पना करण्यासाठी खुली स्पर्धा झाली होती. त्यातल्या भव्य कल्पना कागदावर राहिल्या, पण चर्चेमुळे शहराच्या वाहतूक खात्याने साधी, स्वस्त कामे केली. अनावश्यक डांबर चालणाऱ्यांना दिले, सिग्नल असलेली नवी क्रॉसिंग आखली, सायकलींना वेगळी जागा दिली. शेजारच्या प्रॉस्पेक्ट पार्क वेस्टवरच्या सायकल मार्गावरून तर कोर्टकचेरी झाली. पुढे जानेवारी २०१८पासून बागेतल्या रस्त्यांवर खासगी मोटारींना कायमची बंदी आली. त्यामुळे चौकातून बागेत शिरणारी मोटारींची रांग संपली आणि खांबांमधली जागा पुन्हा माणसांची झाली. दीडशे वर्षांतल्या सगळ्या ब्राँझपेक्षा या रंगाच्या पट्ट्यांनी आणि खुंट्यांनी दाराला दार केले, असे आम्ही म्हणू.

तरी ओलांडण्यात अजून चुका होतात. त्या अशा. स्टेशनातून वर आल्यावर कमान समोर दिसते म्हणून लोक सरळ तिच्याकडे निघतात. तसे करू नका, पट्टे सरळ रेषेत नाहीत. आधी पट्टे शोधा, मग दिशा. एका सिग्नलमध्ये पूर्ण चौक पार होत नाही. मधल्या बेटावर थांबून दुसऱ्या सिग्नलची वाट पाहावी लागते, आणि घाईत दुसरा टप्पा पळत घेणारे वळणाऱ्या गाडीपुढे येतात. तुम्हाला सिग्नलवर पांढरा चालणारा माणूस दिसत असतानाही वळणारी गाडी येऊ शकते, तेव्हा ड्रायव्हरची नजर पकडा. सायकलपट्टीवर उभे राहून फोटो काढू नका. सायकली दोन्ही दिशांनी येतात. लहान मुले बरोबर असतील तर मधल्या बेटावर न जाता प्लाझा स्ट्रीटच्या कडेने, वरंब्याच्या सावलीतून, बागेच्या फाटकाशी जा. लांब पडते, पण टप्पे सोपे पडतात. कमान मग दक्षिणेकडून एकाच क्रॉसिंगमध्ये गाठता येते.

पोचण्यासाठी सबवेची २ किंवा ३ क्रमांकाची गाडी ग्रँड आर्मी प्लाझाला. उशिरा रात्री ४ थांबते. स्टेशनात जेन ग्रीनगोल्डची भिंतीवरची उठावशिल्पे आहेत, रेल्वेप्रवासावरची, जाता-येता दिसतात. जिन्याची अडचण असेल किंवा बाबागाडी असेल तर पुढच्या ईस्टर्न पार्कवे–ब्रुकलिन म्युझियम स्टेशनला लिफ्टने वर येऊन ईस्टर्न पार्कवेच्या रुंद पदपथावरून मागे चालत या. वाटेत ग्रंथालय लागते. बी आणि क्यू गाड्या सेव्हन्थ अव्हेन्यूला सोडतात, तिथून फ्लॅटबुशने चढ आहे.

ग्रंथालय चुकवू नका, निदान दाराशी तरी थांबा. १९१२मध्ये सुरू झालेले बांधकाम पैशाअभावी रखडले, जुना नक्षीदार आराखडा टाकून दिला गेला, आणि गिथन्स व कीली यांच्या नव्या, साध्या आराखड्यानुसार इमारत १९४१मध्ये उघडली. दर्शनी भाग चौकाच्या वळणाबरोबर आत वळलेला आहे, सुमारे ५० फूट उंच दार आणि त्यावर अमेरिकन साहित्यातल्या पात्रांच्या १५ सोनेरी आकृत्या. चौकाला मान देणारी ही एकमेव नवी इमारत. शिवाय व्यवहाराची गोष्ट: स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि थंडीत ऊब तिथेच मिळते, चौकात यापैकी काही नाही.

दिवस निवडायचा तर शनिवार. फाटकापुढच्या जागेत १९८९पासून आठवडी शेतकरी बाजार भरतो, वर्षभर, सकाळी आठपासून दुपारपर्यंत. व्हाइटचे खांब आणि डंकनची कमान यांच्यामधली रिकामी रुंदी, जिने पहिली तीस वर्षे खाल्ली, ती भाजीच्या टोपल्यांनी आणि रांगांनी भरते. आयताकृती तंबू, तात्पुरती टेबले, कुठलाही पाया नाही. तरी चौकातली आजवरची सगळ्यात यशस्वी भर हीच. चांगला माल सकाळी लवकर उचलला जातो. फोटोसाठी मात्र शनिवार वाईट, तंबू कमानीचा पाया झाकतात. त्यासाठी मधला वार घ्या.

आत जाताना मोटाररस्त्याच्या रुंद फाट्याने जाऊ नका. पायवाट धरा आणि एंडेल आर्चची पाटी पाहा. हा छोटा दगडी बोगदा बागेतल्या सगळ्यात जुन्या बांधकामांपैकी आहे, आतले लाकडी अस्तर २०२०च्या दुरुस्तीत पुन्हा उघडे झाले. वाट अरुंद होते, दोन्ही बाजूंनी माती चढते, अंधार येतो, आणि दुसऱ्या तोंडाशी लाँग मेडो हे मोठे कुरण एकदम पसरते. दगडी चौकाचा उजेड, बोगद्याचा अंधार, कुरणाचा हिरवा: वॉक्स आणि ऑल्मस्टेडने प्रवेश म्हणून आखलेला क्रम हा असा आहे, आणि कमानीपासून इथपर्यंत रमतगमत चालले तरी दहा मिनिटे लागत नाहीत. परतीला याच बोगद्यातून या; चौकाचा आवाज कुठे सुरू होतो ते नीट ऐकू येते.